बोललेलं नाव

"नाव कुठं ठेवलाय अजून," सकू म्हणाली. खळ्यावरचं भात अजून झोडायचं आहे असं सांगावं, इतक्या सहज म्हणाली. ढिगातली मूठभर सुकट उचलून तिनं नाकाशी नेली, तोंड वाकडं करून परत टाकली, आणि मग शलाकाकडे न बघताच पुढचं बोलली, "तू आलीच नाय ना."

शलाकाच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते आधीच्या प्रश्नाचं होतं. 'काय गं नाव हिचं' असं विचारताना बाजारात दुसऱ्याच्या मुलाकडे बघून जे हसतात ते. उत्तर आलं तरी ते तसंच राहिलं. त्याला आता कुठं जावं ते कळेना. जव्हारचा बाजार चारी बाजूंनी चालूच होता. कोणीतरी निळ्या ताडपत्रीचा गठ्ठा उलगडून दाखवत होता, वाऱ्यानं ती फुगत होती, मिरच्यांचा खकाणा उठून घसा खवखवत होता. आणि सकूच्या लुगड्याला धरून ती मुलगी उभी होती. उन्हानं तांबूस झालेले केस, कोणाचा तरी मोठा फ्रॉक, पाय बारीक. शलाकाच्या लेकीच्या, स्वराच्याच वयाची. स्वरापेक्षा काही तासांनी मोठीच. ती शलाकाच्या पिशवीतल्या पेरूकडे बघत होती, मागत नव्हती.

"म्हणजे हाक काय मारता?"

"धाकली. घरात बारकी ती धाकली. तो काय नाव नाय. अंगणवाडीच्या बाईंनी कायतरी लिवलाय, पन तो कागदाचा नाव. त्याला ही ओ देत नाय."

"अगं, पण मी..." शलाका म्हणाली.

"तू बोलली ना, मी येस्तोवर ठेवू नको, मीच ठेवीन. आमच्यात नाव बोलला म्हंजे बोलला. म्हातारी म्हणते, बोललेला नाव दुसऱ्यान ठेवला तं पोर दोन ठिकाणशी हाक ऐकतं." सकूनं लहान सुकटीचा भाव करून घेतला, पुडी कमरेला खोचली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच शलाकाला सोसेना. "गेल्या साली वीटभट्टीवर पन नाय गेली मी. बिननावाची पोर वेशीभायेर कशी न्यावी? हिचा बाप लक्ष्या एकलाच गेला. यंदा तो ऐकत नाय. परवा गाडी येते भिवंडीची. म्हणतो, पोर म्हातारीकडं टाक नायतर घेऊन चल, पन चल."

"मग?"

"मग काय. टाकायची म्हणतेय." सकू पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसली, बाळंतपणाच्या वॉर्डात हसायची तशीच, वरच्या हिरड्या दिसेपर्यंत. "नायतर तू सोडव. इथंच. तुझा शब्द तू माघारी घेतला म्हंजे झाला, आम्ही ठेवू मंगळी नायतर बुधी. तुला एवढ्या लांब कशाला तरास."

किती सोपं होतं. ओठांवर आलंही होतं, ठेव गं तुला हवं ते. पेरू पिशवीतून काढून द्यावा तसं देऊन टाकता आलं असतं. पण शलाकाला एकदम भीती वाटली, की हे एकदा सुकटीच्या ढिगाशी उभं राहून सोडवून घेतलं, तर आपण कोणीच उरणार नाही. मोकळ्या नाही, रिकाम्या. आणि ती घाईघाईनं म्हणाली, "नाही नाही. उद्या येते मी. नक्की येते." नक्की हा शब्द तिनंच ऐकला, आणि तो तिला फार ओळखीचा वाटला.

"ये," सकू म्हणाली. तिनं मुलीला कडेवर उचललं आणि गर्दीत शिरली. पेरू द्यायचा राहून गेला.

घरी जाताना चढ लागतो. रोजचाच चढ, पण आज पाय आपले नसल्यासारखे पडत होते, आणि डोक्यात ओळीनं काहीच येत नव्हतं. येत होता तो वास. वॉर्डातला फिनेलचा आणि त्याखालचा दुधाचा, आंबूस, गोड, ओल्या कापडाचा. तिला ताप भरला होता. छातीचे दोन दगड झाले होते, हात लावला तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची, आणि स्वरा, तेव्हा तीही बिननावाचीच, मांजराच्या पिलासारखं बारीक, चिवट रडायची. त्या रडण्याला टोक होतं. ते शलाकाच्या पोटात शिरून फिरायचं. नर्सबाई येऊन सांगून जायच्या, येईल, येईल दूध, लावत राहा. तिचा नवरा केयूर दारात उभा राहून फोनवर बोलायचा आणि डोळे पुसायचा. शेजारच्या खाटेवर सकू होती. तिनं काही विचारलं नाही. उठली, स्वराला उचललं, आपल्या खाटेवर मांडी घालून बसली आणि पदराआड घेतलं. आणि मग तो आवाज आला. घुट्, घुट्, मध्येच श्वासाला थांबलेला, पुन्हा घुट्. जगात इतका शांत आवाज असतो हे शलाकाला माहीत नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून रडली. आनंदानं रडली असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं, पण त्यात दुसरंही होतं. माझी आहे ती, माझी, असं काहीतरी, नखांसारखं. पहिले काही दिवस तसंच चाललं. कधी सकूच्या एका मांडीवर तिची, एका मांडीवर हिची. दोघींची डोकी सारखीच, काळी, ओलसर. एकदा तर शलाकानं हात पुढं करून चुकून दुसरीच घेतली होती, आणि सकू पोट धरून हसली होती. "घे, घे, तीच घेऊन जा. माझी वरणभात खाईल."

तेव्हाच कधीतरी ती बोलली होती. तापात नव्हे, ताप उतरला होता, तिला स्वतःला दूध यायला लागलं होतं, आणि कृतज्ञतेनं सगळं अंग हलकं झालं होतं. तुझ्या लेकीचं नाव मी ठेवणार सकू, मी येईपर्यंत ठेवू नकोस बरं का, तुझ्या पोशेऱ्याला येणार मी. बोलताना डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. त्या क्षणी ती पोशेऱ्याला पोचलीच होती. मनानं गेली, नाव ठेवून आलीसुद्धा. आणि मग त्याच तासाभरात, सासूबाई न्यायला येणार म्हटल्यावर, तिला दुसरी भीती वाटली होती. सासूबाईंच्या, जानकीबाईंच्या घरात पाण्याचा पेला कोणी कुठला उचलायचा हे ठरलेलं असे. तिनं सकूचा हात धरला, तो सकूच्याच मुलीच्या टाळूवर नेऊन ठेवला, आणि म्हणाली, हिच्या डोक्यावर हात ठेवून सांग, दुधाचं कुणाला सांगणार नाहीस. कुणाला म्हणजे कुणालाच. सकूला आधी कळलंच नाही, यात सांगण्यासारखं काय आहे. पण हात तिनं काढून घेतला नाही. टाळू उडत होती, हाताखाली. "नाय सांगनार," ती म्हणाली होती.

एक वचन दिलं, एक घेतलं. दिलेलं विसरली असंही नाही. शलाका घरच्या दुकानाच्या वळणाशी थांबली. नाही, विसरली नव्हती. स्वराच्या बारशाला आठवलं होतं, पाऊस लागला तेव्हा, स्वरानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा. जाऊ या एकदा, असं वाटून छाती भरून यायची, आणि छाती भरून आली की काम झाल्यासारखं वाटायचं. ती आठवण म्हणजे सकूची आठवण नव्हतीच. आपण किती चांगल्या आहोत याची होती. दागिना डबीत असावा, अधूनमधून उघडून बघावा, तशी. आणि तिकडे, डोंगरापलीकडे, एक मुलगी त्या डबीत बसून राहिली होती, सगळ्यांची धाकली होऊन, हाक मारली तर ओ देण्यासारखं काही नसलेली.

सासरे चंद्रकांतराव दुकानात कोणाला तरी परकराचं कापड फाडून देत होते. ते फाटण्याचा आवाज तिच्या पाठीवरून गेला. आत सासूबाई भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. स्वरा त्यांच्या पुढ्यात सालांची रास करत होती. शलाकाला बघून तिनं एक सोललेला वाल वर धरला, "आई, बाल्!" तिला बाळ म्हणायचं होतं की वाल, कोण जाणे. शलाकानं तिला उचलून इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

"काय गं? उन्हात गेलीस की काय? चेहरा बघ."

"आई, मी उद्या पोशेऱ्याला जाणार आहे."

"पोशेऱ्याला? तिथं काय ठेवलंय?"

"दवाखान्यात माझ्या शेजारी होती ना, सकू. तिच्या मुलीचं नाव ठेवायचंय. मी कबूल केलं होतं."

जानकीबाईंच्या बोटांत वाल होता. त्यांनी तो चिमटला, साल एका बाजूला, दाणा ताटात. मग दुसरा घेतला. "आता जातेस होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सव्वा महिन्यानंतर जाशील."

शलाकाला आधी ऐकू आलं, मग कळलं. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. जिनं पाजलं तिच्याकडे जायला नको?" त्यांनी स्वराच्या हातातलं साल काढून घेतलं, ती तोंडात घालत होती. "डबा घेऊन आले होते मी दुसऱ्या दिवशी. तू निजली होतीस. ती बाई दोन्ही पोरांना घेऊन बसली होती, डोळे मिटून. मी दारातनंच मागं फिरले, खाली बाकड्यावर बसले. डबा गार झाला. मग वर आले, तेव्हा तू म्हणालीस, आई, आज हिनं छान घेतलं हो. मी म्हटलं, बरं झालं."

"तुम्ही... मग बोलला का नाहीत? इतके दिवस?"

"बोलले असते तर मला नको म्हणावं लागलं असतं." जानकीबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते, थोडे चिडलेलेच. "पोर जगायची होती माझी. न बघितल्याला नको म्हणावं लागत नाही. जा उद्या. साडी ने तिला, दुकानातली नको, माझ्या कपाटातली ती हिरवी ने. आणि स्वरालाही ने. बघू दे तिला."

हसावं की त्यांच्या पाया पडावं, शलाकाला कळेना. ज्या भिंतीला भिऊन आपण एका बाळाच्या टाळूवर शपथ घ्यायला लावली, ती भिंत नव्हतीच. तिथं एक बाई गार डबा मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली होती. अंगातून काहीतरी ओसरून गेलं, बधिरपणा उतरताना मुंग्या येतात तसं. म्हणजे सुटलं. आता लपवायचं काही उरलं नाही. उद्या सकूलाही सांगता येईल, सोडवलं गं तुला, फेकून दे ते ओझं. किती वेळ त्या विचारानंच ती हसरी झाली होती. रात्रीच्या भाकऱ्या करताना तिला नावही सुचलं, चंदना, आणि ते तिनं तव्याशी दोनतीनदा म्हणून पाहिलं.

जीप मोखाड्याच्या अंगाला वळली तशी थंडी बोचरी झाली. डोंगरउतारावर नागली कापून नेलेली, खाचरांतून भाताचे नुसते बुडखे. स्वरा खिडकीशी उभी राहून प्रत्येक बकरीला हाक मारत होती. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाकडं? आणि शलाकानं हवं त्यापेक्षा मोठ्यानं सांगितलं, नाव ठेवायला चाललेय. बाई म्हणाली, "मग बरा हाय. उद्या भट्टीवाल्यांचा गाव रिकामा होयाचा, त्याच्या आधी." शलाकाला वाटलं, वेळेवर निघालो आपण. अशा वेळी असंच वाटतं.

सकूचं अंगण सारवून ठेवलं होतं. म्हणजे ती येणार हे सकूनं धरलं होतं. की फक्त सारवायचा दिवस होता? कुडाच्या भिंतीशी भट्टीवर न्यायचं बोचकं बांधून तयार, त्यावर बाजारात दिसली तसलीच निळी ताडपत्री घडी घालून. लक्ष्या लाजून म्हणाला, "बसा," आणि कुठंतरी गेला तो गेलाच. शेजारणी जमल्या. कोणी स्वराचा गाल ओढला, कोणी तिच्या बुटांना हात लावून पाहिलं. बूट चालताना वाजतात हे कळल्यावर सगळ्या जणी तिला अंगणभर चालायला लावून हसल्या. धाकली मागून चालत होती, बुटांकडे बघत, जरा फेंगडी. सकूनं साडी घेतली, उलगडली नाही, डोक्याला लावून आत ठेवली. तिचा चेहरा काल बाजारात होता त्यापेक्षा लहान दिसत होता.

सकूची सासू कोंडी उंबऱ्यावर बसली होती. हाडकुळी, ताठ, तोंडात मिश्री. सुपात तांदूळ, तांब्यात पाणी, सगळं तिनंच मांडलेलं. "ये बाई, ये. तुझी वाट बघून आमची पोर म्हातारी व्हायची," ती म्हणाली, आणि बायका खिदळल्या. "पन एक सांग. दवाखान्यात शंभर बाया येतात. तू कोन हिची? कंच्या नात्यान तू नाव बोलली? हिला दोन साल विचारते, तं मुकी."

शलाकानं सकूकडे पाहिलं. सकू मान हलवत होती, अगदी थोडी, नाही म्हणून. शलाकानं ते पाहिलं. नंतर कितीदा तरी तिला तेच आठवणार होतं, की तिनं ते पाहिलं होतं, आणि तिला वाटलं होतं, अगं वेडे, घाबरू नकोस, आता काही नाही त्यात. आणि ती हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नातं दुधाचं आहे आजी. माझ्या अंगावर दूध नव्हतं तेव्हा हिनंच पाजलं माझ्या स्वराला. तिच्यामुळं जगली ही."

बुटांचा आवाज थांबला. की शलाकालाच वाटलं तसं. एका शेजारणीनं पदर तोंडाशी नेला. कोंडीनं मिश्रीची पिंक बाजूला टाकली, सावकाश तोंड पुसलं.

"म्हंजे तिकडं गेला," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. "मी म्हणते, बाई अशी दांडगी, आणि पोरीला दूध पुरत नाय. दीड साल उलटला तरी पोर उभी राहत नव्हती. भायेरचा लागला म्हणून भगताकडं नेली, कोंबडा दिला. आपल्या बाळाचा पयला दूध दुसऱ्याला देऊन आली, आणि घरात बसून माझा तोंड बघते."

"तसं नसतं आजी," शलाका म्हणाली. "पाजल्यानं दूध कमी होत नाही, उलट वाढतं..." दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी वाचल्यासारखा तिचा आवाज तिला आला. कोणी ऐकत नव्हतं. सगळ्या सकूकडे बघत होत्या, तिच्या छातीकडे, आणि मग धाकलीच्या पायांकडे. ते पाय काल बाजारात नुसते बारीक होते. आता त्या पायांना कारण मिळालं होतं. शलाकानं आणून दिलं होतं, हिरव्या साडीबरोबर.

सकू पुढं आली. तिनं धाकलीला उचलून पोटाशी धरलं, एक हात तिच्या डोक्यावर झाकणासारखा ठेवला. "शपथ माझी होती," ती शलाकाला म्हणाली. "हिच्या डोक्यावरची. मी नाय मोडली. भगतापुढं नाय बोलली, लक्ष्यानं मारला तव्हा नाय बोलली. मोडली तू."

"पण मी सोडवली गं ती... घरी सगळ्यांना कळलंय, सासूबाईंना आधीपासूनच..."

"तुझ्या घरी." सकू थांबली. "माझा घर इथं हाय."

शलाकाला कोणीतरी मागून मानेवर थंड पाणी ओतावं तसं झालं होतं, आणि ते ओतणं संपतच नव्हतं. आपलं वचन पाळायला ती डोंगर चढून आली होती, आणि पोचताच सकूचं पाळलेलं वचन तिनं पायरीवर आपटलं होतं. दोन वर्षं न मोडलेलं. या बाईकडे, या कुडाच्या घरात, स्वतःचं म्हणावं असं जे एक अखंड होतं, ते. स्वरा येऊन तिच्या गुडघ्याला चिकटली. आई, आई, म्हणाली.

"झाला ते झाला," कोंडी म्हणाली. सुपातले तांदूळ तिनं उगाच हातानं सारखे केले. आवाज तिचाही जरा उतरला होता. "पोर काय तुमच्या भांडनासाठी बिननावाची राहायची नाय. बस बाई. घे मांडीवर. कानात सांग आणि मग आम्हांला सांग."

सकूनं मुलगी दिली. द्यायला वेळ लावला. धाकली शलाकाच्या मांडीवर लाकडासारखी ताठ बसली, तिच्या केसांना धुराचा आणि खोबरेलाचा वास होता. शलाका तिच्या कानाशी वाकली. चंदना. ते नाव होतं, तव्याशी म्हणून पाहिलेलं, पण आता ते कोणाचंच नव्हतं. दुकानातल्या चिठ्ठीसारखं, कुठंही चिकटवावं असं. बायका वाट बघत होत्या. पाण्याचा थेंब तांब्याच्या काठावरून ओघळला. कानाची ती लहानशी पाळी तिच्या ओठांपुढं होती, आणि तिच्याजवळ त्यात ठेवायला काही नव्हतं, काहीच नव्हतं.

सकू खाली बसली. धाकलीचा वर सरकलेला फ्रॉक नीट करण्याच्या निमित्तानं ती अगदी जवळ वाकली. तिचा श्वास शलाकाच्या गालाला लागला.

"मालू," ती पुटपुटली. "कुनी नसला म्हंजे मी तशी हाक मारते. लई आधीपासून. ओ देते ती."

शलाकानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सकूच्या डोळ्यांत राग तसाच होता, आणि त्याच्या खाली लाज, चोरून काही खाताना सापडलेल्या मुलीची असते तशी. म्हणजे हिनंही गुपचूप मोडलं होतं. दोन वर्षं बोललेल्या नावाची वाट बघत, आणि दोन वर्षं आपल्या मुलीला हाक न मारता राहवलं नाही म्हणून. शलाका पुन्हा त्या कानाशी वाकली आणि म्हणाली, जणू जव्हारहून तेवढंच आणलं होतं, "मालू."

ताठ अंग सैल पडलं. मुलीनं चेहरा वर करून तिच्याकडे पाहिलं, हे तुला कसं ठाऊक, अशा नजरेनं.

"मालू," शलाकानं मोठ्यानं सांगितलं.

"मालू!" बायका म्हणाल्या. "बरा हाय. तोंडात बसतो." कोंडीनं तांदूळ टाकले, मुलीच्या डोक्यावर आणि चुकून थोडे शलाकाच्याही. "शहराची असून आपला नाव आनला हिनं," ती म्हणाली, "मला वाटला, कायतरी टीव्हीतला आनते." कोणीतरी हसलं. हसण्यात पुन्हा बूट वाजायला लागले.

सकू मुलीला घ्यायला वाकली. "हे तरी पोटात ठेव," ती म्हणाली, ओठ न हलवता.

'हो' शलाकाच्या तोंडात लगेच आलं, नेहमीसारखं, गोड, भरल्या डोळ्यांचं. तिनं ते गिळलं. आणि काही न बोलता मालूला तिच्या आईकडे दिलं.